दोन डिग्र्यांचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे, असं म्हणून सुरुवात करायची रीत आहे खरी. पण मी काही फार जुनं नाही. मी टेबल झालो त्यानंतर पोळा दोनदाच येऊन गेला. तरी मला पाहाल तर जुनंच म्हणाल. अंगावर शाईचे, दुधाचे आणि बाळाच्या तेलाचे डाग आहेत. कोपऱ्यांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळलेल्या आहेत. आणि मी आता एका जागी नाही, दोन जागी आहे. ते कसं झालं, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म फर्निचरच्या दुकानात झाला नाही. पांढुर्ण्याला गुणवंता नावाचा एक माणूस राहतो. संत्र्याच्या मोसमात लाकडी पेट्या ठोकायचं त्याचं काम. फळ्या मांडायच्या, खिळे ओठांत धरायचे आणि ठोकत सुटायचं. खिळ्याचं टोक आतून बाहेर आलं की हातोडीनं वाकवून टाकायचं, म्हणजे पेटी हादरली तरी सुटत नाही. मग बाजूच्या फळीवर शिक्क्यानं संत्र्याचं लालसर चित्र काढायचं. पुढे बाजारात प्लॅस्टिकचे कॅरेट आले. लाकडी पेट्यांची मागणी घटली आणि फळ्यांचा एक ढीग गुणवंताच्या अंगणात पडून राहिला. तो ढीग म्हणजे मी.

त्या ढिगावर बसून गुणवंताची मुलगी करुणा अभ्यास करायची. बारावीनंतर तिनं कला शाखाच घ्यायचं ठरवलं, तेव्हा शेजारचे रामाजी कुंपणावरून म्हणाले, "आर्ट घेतलं म्हणे पोरीनं. चित्रं काढते काय?"

"नाही काका, इतिहास वाचते."

"मेलेल्या राजाईले वाचून काय भेटते वं?"

"तुमी रोज पारावर मेलेल्या माणसाईच्या गोष्टी सांगता. तुमाले काय भेटते?"

"च्या भेटते," रामाजी म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले.

पण करुणाचं हसण्यावारी नव्हतं. तिला शाळेत शिकवायचं होतं. एका दुपारी तिनं बापाला माझ्यावरच बसवलं आणि बोटांवर मोजत समजावून सांगितलं. "बाबा, साधं बी.ए. तीन वर्षांचं आहे. त्याच्यावर बी.एड. करा तं आणखी दोन. वकिलीसंगचं बी.ए. पाच वर्षांचं, त्याच्यासाठी लांब जा लागते. अन् हे एक एकत्रित आहे. बी.ए. अन् बी.एड. संगमंग. चार वर्षांत दोन्ही."

"म्हणजे एका पेटीत दोन माल."

"तसंच समजा. एक वर्ष वाचते. पण शेवटच्या वर्षी शाळेत जाऊन शिकवा लागते. ते नाही झालं, तं मास्तरकीचा कागद हाती येत नाही."

गुणवंतानं मान हलवली. त्याला वर्षांचा हिशेब कळला की नाही कोण जाणे. 'दोन डिग्र्या' एवढं मात्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. त्या दिवसापासून तो भेटेल त्याला सांगू लागला, "माही पोरगी दोन डिग्र्या करून राहिली."

दुसरं वर्ष संपता संपता करुणाचं लग्न ठरलं. मुलगा सौंसरचा, सुमेध नाव, बोरगावच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारा. घरात त्याची आई शोभाबाई, एवढंच माणूस. घराच्या पुढच्या पडवीत शोभाबाईचं लहानसं दुकान. बिस्किटं, साबण, पेन, गोळ्या. नवरा गेल्यावर त्याच दुकानावर तिनं मुलाला वाढवलं होतं. बैठकीत गुणवंतानं एकच गोष्ट मागितली. पोरीचं शिक्षण चालू राहिलं पाहिजे. शोभाबाई सगळ्यांसमोर आपल्या होणाऱ्या व्याह्यांना म्हणाली, "शिकू द्या ना इवाई. आमी काय बांधून ठेवणार हाओ?"

तेव्हा मीही खूश झालो होतो, कारण आंदणात लेकीला कपाट किंवा आरसा न देता अभ्यासाचं टेबल द्यायचं, असं गुणवंतानं ठरवलं होतं.

सुमेधच्या घरी मागची खोली बांधून होत आली होती. भिंती उभ्या होत्या, वर स्लॅब पडला होता, दाराची चौकट मात्र अजून बसायची होती. गुणवंतानं टेम्पोत फळ्या घातल्या, एका मोडक्या बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, सागवान पायांसाठी घेतलं आणि थेट त्या खोलीतच हातोडी घेऊन बसला. टेबल केवढं करायचं, हे त्यानं कोणाला विचारलं नाही. एका डिग्रीला जेवढं टेबल लागतं, तेवढं दोन डिग्र्यांना दोनदा लागणार, हा त्याचा सरळ हिशेब. डाव्या अंगाला बी.ए.ची पुस्तकं, उजव्या अंगाला बी.एड.ची, मधे लेकीच्या कोपरांना जागा. त्यानं आयुष्यभर पेट्याच ठोकल्या होत्या, तेव्हा मलाही पेटीसारखंच ठोकलं. स्क्रू नाही, सांधा नाही. सगळे खिळे आरपार आणि टोकं वाकवलेली. मला हलवून पाहिलं आणि म्हणाला, "आता भूकंप आला तरी सुटत नाही."

संत्र्याच्या शिक्क्याच्या फळ्या त्यानं उलट्या लावल्या. वरून गुळगुळीत दिसलं पाहिजे म्हणून. सगळी संत्री माझ्या पोटाखाली गेली.

मग गवंडी आला. त्यानं चौकट बसवली, भिंतीला प्लास्टर केलं, दार लावलं. तोवर तिथं नुसती मोकळी जागा होती. दार म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

लग्नाच्या पंगतीला पडवीत टेबल हवं होतं. सुमेध आणि त्याचा मित्र रोहित मला उचलायला आले. आडवं केलं, जात नाही. उभं केलं, स्लॅबला लागतं. पाय पुढे घालून तिरपं केलं, तर उरलेले पाय भिंतीला अडतात. रोहित घामाघूम होऊन खाली बसला. शोभाबाई कमरेवर हात ठेवून पाहत होती. ती म्हणाली, "इवाईनं टेबल नाही दिलं बापा, माह्या खोलीले घरजवाई दिला. आता हा काही जात नाही."

सगळी पंगत हसली. गुणवंताही हसला, पण नंतर बराच वेळ त्यानं मान वर केली नाही.

असो. सुरुवातीचे दिवस माझे फार चांगले गेले. करुणा कॉलेजातून आली की माझ्याजवळ बसायची. आमचा भाग मध्य प्रदेशातला, म्हणून पुस्तकं हिंदीत असायची. ती मोठ्यानं वाचायची आणि मग स्वतःच्या बोलीत स्वतःला समजावून सांगायची. "म्हणजे राजानं कर वाढवला, लोकाईले भाकर नाही, अन् हा बाबू शिकारीले गेला. मंग लोक चिडणार नाही तं काय?" परदेशातली एक अख्खी क्रांती मी अशीच शिकलो. उजव्या अंगाला शिक्षणशास्त्राची पुस्तकं होती. त्यांत मुलं कशी शिकतात, कशी घाबरतात, त्यांना काय विचारावं, असं सगळं होतं. कॉलेजातली तिची मैत्रीण सोनाली पहिल्यांदा आली, तेव्हा दारातच थबकली. "अवो करुणा, हे टेबल आहे की बस स्टँड? इथं तं आरामात पांढुर्ण्याची बस लागन!" सुमेध कारखान्यातल्या लोकांना घेऊन यायचा आणि माझ्यावर थाप मारून सासऱ्याच्या कौतुकानं म्हणायचा, "आमच्या मामाजीनं बनवलं. दोन डिग्र्यांचं आहे."

मग चंचल जन्मली.

बाळ घरात आलं की टेबलाचं काय होतं, ते तुमच्या घरी पाहिलं असेलच. आधी उजव्या अंगाची पुस्तकं सरकली. तिथं दुपट्यांची चळत आली, तेलाची वाटी, पावडर, ग्राइप वॉटरची बाटली. मग डावीकडचीही सरकली. इतिहासाच्या पुस्तकावर गरम पाण्याचं भांडं ठेवल्याचा गोल डाग पडला, तो अजून आहे. पाळणा टांगायचा आकडा नेमका माझ्यावरच्या स्लॅबमधे होता. तिथं पाळणा बांधला तर तो मला धडकायचा. मला सरकवायला खोलीत जागा नव्हती आणि बाहेर न्यायला दार. शेवटी करुणानं आपली एक मऊ साडी घेतली आणि माझ्या पायांना अडकवून माझ्याच खाली झोळी बांधली. झोळीला एक दोरी लावली, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात. वर पुस्तक, खाली लेकरू. पान उलटायचं आणि अंगठा हलवायचा.

मित्रांनो, टेबलाचा कोणी कधी पाळणा केला असेल का? मला तो मान मिळाला. झोळीत उताणी पडली की चंचलला माझं पोट दिसायचं, आणि माझ्या पोटावर होती ती सगळी उलटी-सुलटी लाल संत्री. ती त्यांच्याकडे एकटक पाहायची, मुठी उघडायची, मिटायची, आणि पाहता पाहता झोपून जायची.

करुणाची झोप मात्र उडाली होती. ती फार भिणारी आई होती. वाचता वाचता मधेच खाली वाकून चंचलच्या नाकापुढे बोट धरायची, श्वास लागतो की नाही पाहायला. झोळीची गाठ सोडून पुन्हा बांधायची, नीट असली तरी. मुंग्या चढू नयेत म्हणून माझे पाय तिनं पाण्याच्या वाट्यांमधे ठेवले. माझ्या पोटावर वाकवलेले खिळे होते, त्यांवरून रोज बोट फिरवून एखादं टोक वर आलंय का, ते पाहायची. कोपऱ्यांना चिंध्या तिनंच गुंडाळल्या. एकदा तिच्या पुस्तकात लिहिलेलं होतं की लहान मुलाच्या आजूबाजूला चिंतेचं वातावरण नसावं. ते वाचून ती इतकी चिंतेत पडली की तिनं ते पान उघडंच ठेवून चंचलला उचलून घेतलं.

खोलीला एक खिडकी आहे. तिच्यातून शेजारच्या घराची भिंत दिसते. बसचा हॉर्न ऐकू येतो, बस दिसत नाही. दुपारी पुढे दुकानात शोभाबाई गिऱ्हाइकांशी बोलत असायची, सुमेध पाळीवर, आणि मागच्या खोलीत आम्ही तिघं. करुणा दोरीनं चंचलशी बांधलेली, चंचल साडीनं माझ्याशी बांधलेली, आणि मी त्या खोलीशी. कॉलेजात हजेरी लावायला ती जायची तेव्हा शोभाबाई दुकानाचं दार ओढून घ्यायची आणि कुरकुरत माझ्याजवळ येऊन बसायची. पण तसं रोज कसं चालणार?

आणि मग ते रोजचंच आलं. चौथ्या वर्षाची इंटर्नशिप. म्हणजे शाळेत जाऊन, खऱ्या वर्गापुढे उभं राहून, रोज शिकवायचं. सोनाली धावतच सांगायला आली. "करुणा, आपल्याले मोहगावची शाळा भेटली. मॅडम म्हणे, हजेरीत सूट नाही. सकाळी प्रार्थनेले हजर, अन् शाळा सुटल्यावरच घरी. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपासून सुरू."

करुणा खाली वाकली आणि चंचलच्या नाकापुढे बोट धरलं.

ते आठ-दहा दिवस मी विसरणार नाही. आधी तिनं पडवीत, दुकानाजवळ झोळी बांधून पाहिली. चंचलनं असा टाहो फोडला की गिऱ्हाईक गोळ्या न घेताच गेलं. मग खाटेखाली बांधून पाहिली. खाट बसकी, झोळी जमिनीला टेकली. मग चंचलला नुसतं खाटेवर झोपवून पाहिलं. रडून रडून तिचा आवाज बसला. शेवटी आणून माझ्याखाली ठेवली, तिनं डोळे फिरवून वर पाहिलं, दोन हुंदके दिले आणि झोपली. मला अभिमान वाटायला हवा होता. तो वाटला नाही. मी त्या लेकराला आणि तिच्या आईला खोलीत डांबून ठेवलंय, असंच वाटत राहिलं.

शोभाबाई वाईट बाई नव्हती. तिनं स्पष्टच सांगितलं. "मी पाहाले तयार आहे वं लेकराले. पण मी पुढं दुकानात, अन् हे मांगच्या खोलीत. इथून तिचा आवाज येत नाही. मले काय दोन शरीरं आहेत? अन् दुकान रोज बंद ठेवलं तं लोक दुसरं दुकान धरतात."

"मंग मी काय करू आई?"

"तुह्यं बी.ए.चं सारं तं होत आलं ना? घे मग तेवढंच. आमच्या सात पिढ्यांत बी.ए. कोण आहे? एक डिग्री काय कमी झाली काय?"

सुमेध दारात उभा राहून चप्पल पुसत होता. म्हणाला, "पुढच्या साली करजो ना शाळेचं. लेकरू थोडं मोठं होईन."

"पुढच्या साली ते रांगन. मंग चालन. मंग जिन्यावर चढन. मंग त्याच्या मांगं पळा लागन," करुणा म्हणाली. "पुढचं साल कोणत्या साली येते, तेवढं सांगा."

सुमेध पुसलेली चप्पलच पुन्हा पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्या उजव्या अंगाची शिक्षणशास्त्राची पुस्तकं उचलली, एका पोत्यात भरली आणि खाटेखाली ढकलली. ती जागा पुसून घेतली. तिथं दुपटी रचली. पुस्तकांचं ओझं उतरलं की टेबलाला हलकं वाटावं. मला एका बाजूनं कलंडल्यासारखं वाटू लागलं.

त्याच आठवड्यात गुणवंता नातीला पाहायला आला. पिशवीत संत्री होती. "जय भीम, विहीणबाई," असं पडवीत म्हणून तो मागच्या खोलीत आला, आणि नातीकडे पाहायच्या आधी त्याची नजर माझ्यावर पडली.

"दुसऱ्या डिग्रीचे पुस्तकं कुठी गेले?"

करुणानं खाटेखाली बोट दाखवलं. मग बापापुढे सगळं सांगून टाकलं. मोहगावची शाळा, हजेरी, दुकान, झोळी, सगळं. सांगताना ती रडली नाही. तिचा अंगठा दोरी हलवत होता.

गुणवंतानं माझ्यावर हात ठेवला. "म्हणजे माह्या टेबलानं अडवलं," तो म्हणाला.

"तुमच्या टेबलानं तं झोपवलं बाबा तिले. पण तिले तुमचं टेबल लागते, अन् तुमचं टेबल दारातून निघत नाही." आणि मग ती थांबली. बोलता बोलता तिलाच काही सुचलं असावं. ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जशी पेपरातल्या प्रश्नाकडे पाहते. "बाबा, करवत आहे काय तुमच्या पिशवीत?"

"करवत? काऊन?"

"याले मधातून कापा. अर्धं निघन बाहेर. पडवीत ठेवू, आईजवळ. झोळी त्याच्याच खाली बांधू."

सुमेध तेवढ्यात आला होता. तो म्हणाला, "अवो, मामाजीनं आंदण दिलेलं आहे. असं कापतात काय? अन् तू लिहिशील कुठं?"

"मांडीवर लिहीन. बारावीपर्यंत फळ्यांच्या ढिगावर बसून लिहिलं, मेली काय?"

गुणवंता म्हणाला, "लेकीच्या टेबलाले बापानंच करवत लावायची? लोक काय म्हणतीन?"

"बाबा, टेबल कापा," करुणा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण अंगठा थांबला होता. "माही डिग्री कापू नका. सारे जण तेच म्हणून राहिले, तेवढीच घे, तेवढीच घे. काहीतरी कापाच लागते तं याले कापा. याले दुखत नाही."

मित्रांनो, मला दुखतं की नाही, हे तिला कसं ठाऊक असणार? पण त्या क्षणी मला हो म्हणता आलं असतं, तर मी आधी हो म्हटलं असतं.

पडवीतून शोभाबाई आत आली होती. ती दाराला टेकून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "शेजारी गजेंद्रकडं करवत आहे. आणू काय?" एवढंच. आणि कोणी उत्तर द्यायच्या आत गेलीसुद्धा.

करवत आली. गुणवंतानं माझ्यावर रेघ मारायला खडू घेतला आणि हात आखडला. चंचल जागी होती, झोळीतून वर पाहत होती. गुणवंता एकदम खाली बसला. मग उताणा आडवा झाला आणि सरकत सरकत माझ्या खाली गेला, नातीच्या शेजारी.

"बाबा, कपडे भरतीन," करुणा म्हणाली.

"थांब." तो खालूनच बोलला. "हे पाहून राहिली वं माय ही? मी म्हणलं, एवढं काय आहे या टेबलाखाली. इथून तं सारा बगीचाच दिसते." आणि मग थोड्या वेळानं, "हे मोठं संत्रं आहे ना, याच्याच समोर तिचे डोळे येतात. हे नाही कापलं पाहिजे."

असं म्हणून त्यानं रेघ खालून मारली. ती सरळ मधोमध नव्हती. मोठं संत्रं वाचवायला ती जराशी एका अंगाला सरकली. नंतर तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या पांढऱ्या केसांत पाण्याच्या वाटीतली मेलेली मुंगी अडकली होती. शोभाबाईनं ती काढली.

सुमेधनं एक टोक धरलं आणि गुणवंतानं करवत चालवली. जाड फळ्या होत्या, वेळ लागला. भुसा चंचलच्या दुपट्यावर पडू नये म्हणून करुणानं तिला उचलून भिंतीपाशी नेलं होतं. माझ्यातून पहिला उजेड आरपार गेला, तेव्हा मला वाटलं होतं त्याहून कमी त्रास झाला. मग खाडकन आवाज झाला आणि मी दोन झालो.

त्यातला जो भाग लहान, उजव्या अंगाचा, त्याला दोन पाय उरले होते. गुणवंतानं तो कापलेल्या बाजूनं भिंतीला लावून ठोकून टाकला. तो तिथंच राहिला. दुसऱ्या, मोठ्या भागाला गुणवंतानं बंडीच्या उरलेल्या लाकडाचे दोन पाय लावले. मग सुमेध आणि गुणवंतानं तो उचलला. दाराशी आल्यावर दोघंही थांबले. सवयच झाली होती थांबायची. शोभाबाई ओरडली, "आता कायची वाट पाहून राहिले? जाते तो!" आणि मी चौकटीतून निघालो. चिंध्या गुंडाळलेला एक कोपरा चौकटीला घासला, तेवढंच.

पडवीत मला ऊन लागलं. टेबल झाल्यापासून पहिल्यांदा. रस्ता दिसला. इतके दिवस जिचा नुसता हॉर्न ऐकला, ती बस दिसली.

पण खरं काम पुढे होतं. तीच साडी, तीच गाठ, तीच दोरी. चंचलला झोळीत घातलं आणि ती रडू लागली. आवाज वेगळे, उजेड वेगळा, रस्त्यावरच्या मोटारसायकली. करुणा उचलायला धावली. शोभाबाईनं तिला हातानं अडवलं. "थांब जरा." ती आपल्या स्टुलावर बसली, चप्पल काढली आणि दोरी अंगठ्यात अडकवली. एका पोराला पेन दिलं, दुसऱ्याला साबण. अंगठा हलत होता. चंचल रडतच होती. गुणवंता पायरीवर बसून हातातलं संत्रं सोलायचं विसरला होता. हळूहळू रडण्याच्या मधे अंतर पडू लागलं. मग एक लांब हुंदका आला. मी पोटाखाली कान लावून होतो म्हणा ना. तिचे डोळे मोठ्या संत्र्यावर येऊन थांबलेले मला कळले.

एक गिऱ्हाईक मोठ्यानं म्हणालं, "शोभाबाई, खोबरेल तेलाची..."

"हळू बोल बापा," शोभाबाई दबल्या आवाजात म्हणाली. "मास्तरणीची पोरगी झोपली आहे."

करुणानं तो शब्द ऐकला. ती आत गेली आणि खाटेखालचं पोतं बाहेर ओढल्याचा आवाज मला पडवीत ऐकू आला.

सोमवारी सकाळी ती निघाली. साधी सुती साडी, हातात पिशवी. सोनाली रस्त्यावर उभी होती. करुणानं झोळीची गाठ पाहिली. नाकापुढे बोट धरलं. माझ्या खिळ्यांवरून हात फिरवला. फाटकापर्यंत गेली आणि परत येऊन पुन्हा गाठ पाहिली.

"जाय वं माय, जाय!" शोभाबाई म्हणाली. "लेकरू कुठी पळून नाही चाललं. पळाले त्याले पाय तं फुटू दे."

ती गेली. वळणावर तिनं मागे पाहिलं. तिकडून तिला काय दिसलं असेल? एक दुकान, एक बाई, एक अर्धं टेबल.

मित्रांनो, ही गोष्ट इथं गोड होऊन संपली असं समजू नका. इंटर्नशिप अजून चालू आहे. रोज सकाळी घरातलं प्रत्येक माणूस चंचलच्या कपाळाला हात लावून पाहतं, कारण तिला एक दिवस ताप आला की सगळं पुन्हा दाराशी येऊन अडणार आहे. परवा ती शिंकली, तर करुणाच्या हातातली पिशवी खाली पडली. संध्याकाळी परत आल्यावर ती आधी चंचलला घेते. मग आत जाऊन भिंतीला ठोकलेल्या माझ्या दुसऱ्या भागावर उद्याच्या पाठाची तयारी करते. जागा अपुरी आहे. दोन्ही डिग्र्यांची पुस्तकं एकमेकांवर रचून ठेवावी लागतात, आणि खालचं हवं असलं की वरची सगळी उतरवावी लागतात. तो भाग त्या खोलीतून आता कधीच निघणार नाही. भिंत पडली तरच.

तुम्हाला काय सांगू? टेबलावर चाकूनं नावं कोरू नका, गरम भांडं ठेवू नका, हे तर सांगायलाच हवं. ते तुमच्या बाईही सांगतील. माझं सांगणं थोडं वेगळं आहे. घरात कोणी शिकत असेल, तुमची ताई, तुमची वहिनी, कदाचित तुमची आईच, तर तिच्या मार्गात काय अडून बसलंय ते एकदा खाली वाकून पाहा. जमलं तर आडवे होऊन पाहा, गुणवंतानं पाहिलं तसं. उभ्यानं ते दिसत नाही. आणि काहीतरी कापल्याशिवाय सुटका नाही अशी वेळ आली, तर आधी आम्हा लाकडांकडे या. आमचा नुसता भुसा पडतो, तो झाडून टाकता येतो.

आता दुपार कलली आहे. चंचल झोळीत चुळबुळ करते आहे, शोभाबाईचा अंगठा दोरीत आहे आणि नजर रस्त्याच्या वळणावर. मोहगावकडून बस येते तेव्हा तिचा हॉर्न आधी मला, या पडवीतल्या मला, ऐकू येतो. मग थोड्या वेळानं, दार आणि भिंत ओलांडून, तो आतल्या मला ऐकू जातो. तोवर आम्ही दोघंही तिची वाट पाहतो.